डायलिसिसवरच्या तरुणांसाठी व्यायाम: अंगात ताकद आणि डोक्यात तरतरी राहावी म्हणून आठवडा कसा आखावा

पंचविशी-तिशीत डायलिसिस सुरू झालेल्या मुलामुलींच्या घरात एक वाक्य सतत कानावर पडतं: "तू पड जरा, दमशील." आई म्हणते, आत्या म्हणते, शेजारच्या काकू दारातून डोकावून म्हणतात. त्यामागची काळजी खरी असते. पण महिनोन् महिने पडून राहिल्यावर मांड्या बारीक होतात, एक मजला चढताना धाप लागते, रात्रीची झोप बिघडते. आणि मग मुलं एक वेगळीच तक्रार घेऊन येतात: "मॅडम, डोकं चालत नाही."

मी मुंबईत डायलिसिस रुग्णांबरोबर फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते. ही तक्रार मी फार गांभीर्याने घेते, कारण या वयात डोक्यावरच सगळं उभं असतं. परीक्षा, नोकरी, हप्ते, लग्नाची बोलणी, औषधांचं वेळापत्रक, पाण्याचा हिशेब. योग्य वेळी, योग्य मापात केलेली हालचाल हा डायलिसिसच्या उपचाराचाच भाग आहे, असं माझं ठाम मत आहे. ती कशी बसवायची, ते पुढे क्रमाने लिहिते.

आधी हे समजून घ्या: डोकं जड का होतं

मेल दोनदा वाचूनही कळत नाही. समोरचा बोलत असताना मधलंच वाक्य निसटतं. अंधेरीला उतरायचं असतं आणि जोगेश्वरी आल्यावर भान येतं. शाळेतल्या आठवणी मात्र लख्ख असतात. डायलिसिसमध्ये पहिला मार बसतो तो लक्ष टिकवण्यावर, कामांचा क्रम लावण्यावर आणि विचारांच्या वेगावर. यात आळस नाही, आणि "अभ्यासात मन नाही" असंही नाही.

कारणं एकात एक गुंतलेली असतात. हिमोग्लोबिन कमी असतं. बीपी कधी १७०, कधी ९०. मशीनवर असताना शरीरातलं पाणी भराभर निघतं, तेव्हा मेंदूकडे जाणारा रक्तप्रवाहही काही प्रमाणात कमी होतो. हे स्कॅनवर दिसलेलं आहे. त्यात अर्धवट झोप, रात्री पायांची चुळबूळ, उदासी, आणि किडनीवाटे बाहेर न पडल्याने अंगात साठणारी काही औषधं.

यातल्या बऱ्याच गोष्टींवर व्यायामाचा परिणाम होतो. 'एक्साइट' नावाच्या इटलीतल्या अभ्यासात २९६ डायलिसिस रुग्ण होते; त्याचे निष्कर्ष २०१७ साली आले. एका गटाला घरच्या घरी चालायला सांगितलं होतं: डायलिसिस नसलेल्या दिवशी दहा-दहा मिनिटं, दोन वेळा. इतकंच. सहा महिन्यांनी या गटाचं सहा मिनिटांत चालण्याचं सरासरी अंतर ३२८ मीटरवरून ३६७ मीटरवर गेलं, दुसऱ्या गटाचं जवळपास होतं तिथेच राहिलं. लक्ष लागणं, गोंधळ उडणं याबद्दलच्या प्रश्नांचे गुणही चालणाऱ्यांचे सरस आले. जर्मनीत हजाराहून जास्त रुग्णांचा अभ्यास झाला, त्यातल्या एका गटाने वर्षभर मशीनवर असतानाच व्यायाम केला. एका मिनिटात खुर्चीतून उठण्या-बसण्याची या गटाची संख्या सरासरी १६ वरून १९ झाली, तर व्यायाम न करणाऱ्यांची १६ वरून साडेचौदाच्या आसपास उतरली. हे आकडे २०२३ साली प्रसिद्ध झाले. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी २० जणांना घेऊन छोटा प्रयोग केला. मशीनवर पेडल मारणाऱ्यांची आणि टॅब्लेटवर बुद्धीचे खेळ खेळणाऱ्यांची विचारक्षमता तीन महिन्यांनी टिकून होती, काहीच न करणाऱ्यांची घसरली होती.

पहिल्या दोन अभ्यासांतल्या लोकांचं सरासरी वय साठीच्या पुढचं होतं. तुमच्याकडे त्यांच्यापेक्षा तरुण स्नायू आणि तरुण मेंदू आहे. ताकद आणि दम वाढतो, याबद्दल मला शंका नाही. डोक्याच्या फायद्याचा पुरावा अजून लहान आहे, पण त्याची दिशा चांगली आहे. आणि दहा मिनिटं चालायला एक रुपया लागत नाही.

पहिलं काम: डॉक्टरांकडून "हो" घ्या, पण नेमकं

"व्यायाम करू का?" असं राउंडच्या घाईत विचारलं की "करा, हलका करा" एवढंच उत्तर मिळतं. त्याने काही साधत नाही. वहीत लिहून न्या आणि एकेक विचारा:

- माझा शेवटचा ईसीजी आणि टूडी एको (हृदयाची सोनोग्राफी) कधीचा आहे? हृदयाचं पंपिंग किती आहे?
- हिमोग्लोबिन, पोटॅशियम, फॉस्फरस आणि पीटीएच (हाडांवर परिणाम करणारं हार्मोन) किती आहेत? हाडं वजन उचलण्याइतकी मजबूत आहेत का?
- माझं ड्राय वेट (अंगातलं जादा पाणी काढल्यावरचं वजन) बरोबर आहे का?
- बीपी कुठून कुठपर्यंत असेल तर व्यायाम करायचा आणि कधी नाही?

डायलिसिसवरचं हृदय वयाने तरुण असलं तरी त्याच्या भिंती जाड झालेल्या असू शकतात, म्हणून एकोचा आग्रह. हिमोग्लोबिन सात-आठवर असेल तर आधी लोह आणि एरिथ्रोपोएटिनच्या (रक्त वाढवणाऱ्या) इंजेक्शनचं बघा. त्या अवस्थेत धाप लागली की मुलांना वाटतं आपल्याच्याने होणार नाही, आणि सगळं सोडून देतात.

दुसरं काम: आज आपण कुठे आहोत, ते मोजा

डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, नाश्त्यानंतर तासाभराने हे करा. तो दिवस अंगाने आणि डोक्याने त्यातल्या त्यात हलका असतो. दर महिन्याला त्याच दिवशी, त्याच वेळी परत मोजा.

हात नसलेली, न सरकणारी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. दोन्ही हात छातीवर आडवे. मोबाइलवर ३० सेकंद लावा आणि पूर्ण उभं राहून पूर्ण बसायचं, असं किती वेळा जमतं ते मोजा. पाठ वाकवून झोक्याने उठू नका. तळवे जमिनीवर घट्ट, गुडघे पायाच्या बोटांच्या रेषेत. मांडी थरथरायला लागली की थांबा, तोपर्यंतचा आकडा लिहा. ज्या तरुणाला बिछान्यावरून उठताना हाताचा टेकू घ्यावा लागतो, त्याचा पहिला आकडा लहान येईल. येऊ दे.

दुसरी मोजणी, सहा मिनिटं चालण्याची. इमारतीच्या आवारात किंवा गच्चीवर मोजलेलं अंतर ठरवा, पळू नका, लागलं तर थांबून परत चाला, शेवटी एकूण मीटर लिहा.

तिसरी डोक्याची. एका मिनिटात आठवतील तितक्या भाज्यांची नावं घ्या, घरातल्या कुणीतरी मोजावीत. मग डिसेंबरपासून उलटे महिने म्हणा आणि लागलेला वेळ लिहा. पुढच्या महिन्यात भाज्यांऐवजी प्राणी घ्या, त्याच्या पुढे गावांची नावं; नाहीतर पाठांतरामुळेच आकडा वाढलेला दिसेल. याशिवाय रोज रात्री एक ओळ: आज कुठे गोंधळ उडाला, किती वेळ लक्ष लागलं. या घरगुती नोंदीवरून निदान करायचं नाही. गोंधळ वाढतोय असं वाटलं तर डॉक्टरांकडे लक्ष, स्मरण आणि विचार तपासणाऱ्या 'मोका' चाचणीची मागणी करा. ती ३० गुणांची असते आणि दहा-पंधरा मिनिटांत होते.

तिसरं काम: आठवड्याचा आकार ओळखा

बहुतेकांची गाडी इथे अडते. जिमचं वेळापत्रक सोमवार ते शनिवार सारखंच चालतं, तुमचं शरीर तसं चालत नाही.

समजा डायलिसिस सोमवार-बुधवार-शुक्रवार आहे. शुक्रवारनंतर सोमवारपर्यंत सर्वात मोठं अंतर पडतं. रविवार संध्याकाळ ते सोमवार सकाळ या काळात अंगात पाणी आणि पोटॅशियम सर्वात जास्त असतं, आणि हृदयाचे त्रासही या मोठ्या अंतराच्या शेवटी जास्त होतात. म्हणून रविवारी सकाळी हलकं चाला आणि संध्याकाळ सोडून द्या. मंगळवार, गुरुवार, शनिवार हे तुमचे खरे व्यायामाचे दिवस. डायलिसिसच्या दिवशी सुटल्यानंतर फक्त जेवण, आराम, आणि संध्याकाळी घरातल्या घरात दोन फेऱ्या.

खर्चामुळे किंवा जागा न मिळाल्यामुळे आपल्याकडे बरेच जण आठवड्यातून दोनदाच डायलिसिस घेतात. त्यांनी मोठ्या अंतराच्या शेवटच्या दिवशी अजिबात ताण घेऊ नये. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस बसतं. रेशनकार्ड घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा. आठवड्यातला तिसरा डायलिसिस मिळाला तर व्यायामाला त्याच्याइतका आधार दुसरा कशाचाच नाही. आणि एखादा डायलिसिस चुकला असेल, तर पुढचा होईपर्यंत व्यायाम पूर्ण बंद. चुकलेल्या डायलिसिसनंतर पाय अचानक लुळे वाटले तर तो थकवा समजू नका. पोटॅशियम चढलेलं असू शकतं, आणि ते जिवावर बेततं.

याच आकारात डोक्याची कामंही बसवा. मुलाखत, सीएचा पेपर सोडवणं, बँकेचे कागद, घरातली मोठी चर्चा हे सगळं डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशी. मशीनवर असताना, विशेषतः शेवटच्या दोन तासांत, कशावरही सही करू नका. तेव्हा डोकं सर्वात मंद असतं. नातेवाइकांनीही हे पाळावं. खुर्चीशेजारी उभं राहून फ्लॅट विकायचा की नाही, असं विचारणारे पाहिले की मला फार वाईट वाटतं.

चौथं काम: चालणं

पहिले दोन आठवडे पाच मिनिटं सकाळी, पाच मिनिटं संध्याकाळी, फक्त डायलिसिस नसलेल्या दिवशी. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दहा-दहा. त्यानंतर दर दोन आठवड्यांनी दोन-तीन मिनिटं वाढवत सलग तीस मिनिटांपर्यंत जा. आठवड्याला १५० मिनिटं ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे, पण ती पहिल्या महिन्याची नाही. सहा-आठ महिन्यांनी तिथे पोचलात तरी उत्तम. ताप किंवा ॲडमिशनमुळे खंड पडला तर आधीच्या निम्म्यावरून परत सुरू करा.

वेग किती? चालताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, पण गाणं म्हणता येऊ नये. घड्याळातल्या नाडीच्या आकड्यावर विसंबू नका. बीपीच्या काही गोळ्या नाडी मुद्दाम हळू ठेवतात, त्यामुळे अंगाला भरपूर ताण पडला तरी आकडा कमीच दिसतो.

जागेबद्दल: दादरच्या आसपास राहत असाल तर शिवाजी पार्कच्या कट्ट्याला तोड नाही. सपाट, सावली असलेला, आणि हवं तिथे बसता येतं. दमल्यावर लगेच टेकायला जागा असणं ही आपल्यासाठी पहिली अट आहे. माटुंग्याचं फाइव्ह गार्डन्स, बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाचा पुढचा सपाट भाग, वरळी सी फेस हेही चांगले. चाळीत राहत असाल तर गॅलरी आहेच. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत किती पावलं ते मोजून ठेवा. एकटे लांब जाऊ नका. खिशात एक चिठ्ठी असू द्या: नाव, "डायलिसिस रुग्ण", फिस्टुला (डायलिसिसच्या सुयांसाठी हातात शस्त्रक्रियेने जोडलेली रक्तवाहिनी) कोणत्या हाताला, घरचा फोन.

मुंबईची हवा हा वेगळाच विषय आहे. एप्रिल-मेमध्ये दमटपणामुळे घाम सुकत नाही, अंग आतून तापत राहतं. सकाळी आठच्या आत किंवा ऊन उतरल्यावर बाहेर पडा. पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्यातून चालणं सक्त मना, लेप्टोची भीती आहे; त्या दिवसांत इमारतीचा पॅसेज बरा. थंडीत धुरकट सकाळ असेल तर घरातच जागच्या जागी चाला.

आणि तहान. व्यायामानंतर कुणीतरी मायेने शहाळं पुढे करतं. नारळपाण्यात पोटॅशियम भरपूर असतं, तुमच्यासाठी ते धोक्याचं आहे. उसाचा रस आणि ओआरएसही परस्पर घेऊ नका. दिवसाच्या पाण्याच्या कोट्यातलाच एक छोटा कप व्यायामानंतरसाठी राखून ठेवा. चूळ भरा, बर्फाचा एक खडा तोंडात ठेवा, लिंबाची फोड चाटा.

पाचवं काम: ताकद

आठवड्यातून दोनदा, मंगळवार आणि शनिवार धरू. खुर्चीतून उठणं-बसणं आठ वेळा. भिंतीला हात टेकून दंड आठ वेळा. ओट्याला धरून टाचा उचलणं दहा वेळा. बसून एकेक पाय सरळ करून पाच सेकंद धरणं, दोन्ही पायांनी आठ-आठ. मध्ये एक-दोन मिनिटं विश्रांती, मग जमलं तर पुन्हा एक फेरी. जोर लावताना श्वास रोखू नका, बीपी उसळतं. सगळं सहज जमायला लागलं की रबरी पट्टा किंवा घोट्याला बांधायची वजनं आणा.

फिस्टुलाच्या हाताला लोक इतके घाबरतात की तो हात काठीसारखा अंगाला चिकटवून ठेवतात आणि त्याची ताकद घालवून बसतात. फिस्टुला पक्का झाला आणि सर्जननी मोकळीक दिली की त्या हाताने हलका व्यायाम करायचाच असतो. चेंडू दाबायला तर ते स्वतःच सांगतात. टाळायचं ते एवढंच: त्या हातावर दाब येणं, घट्ट पट्टा, झटका आणि जबर वजन. घड्याळ, घट्ट बाही, त्या कोपरात अडकवलेली भाजीची पिशवी, हे सगळं दुसऱ्या हाताला. लोकलमध्ये त्या हाताने वरची कडी धरून लोंबकळू नका, आणि दाराच्या गर्दीत तो हात चेंगरेल असं उभं राहू नका. रोज सकाळी आणि व्यायामानंतर दोन बोटं ठेवून फिस्टुलाची थरथर तपासा. थरथर लागली नाही तर त्याच दिवशी डायलिसिस युनिट गाठा, उद्यावर ढकलू नका.

छातीत किंवा मानेत कॅथेटर (डायलिसिससाठी बसवलेली नळी) असेल तर पोहणं बंद, ड्रेसिंग घामाने भिजू द्यायचं नाही, आणि खांदा गरागरा फिरवणारे व्यायाम टाळायचे. पोटाचं डायलिसिस करणाऱ्यांनी शक्यतो पोटातला डायलिसिसचा द्रव काढून मग व्यायाम करावा. सिट-अप्स आणि जड वजन नको, हर्नियाचा धोका असतो.

ताकद वाढायला प्रथिनं लागतात. डायलिसिसवर दर किलो वजनामागे दिवसाला साधारण १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे ५५ किलोच्या माणसाला ५५ ते ६६ ग्रॅम. "किडनीचा आजार म्हणून प्रथिनं कमी" हा डायलिसिस सुरू होण्याआधीचा सल्ला आहे, तो अजून पाळत असाल तर स्नायू झिजतील. अंड्याचा पांढरा भाग, ताजी मासळी, चिकन, पनीर, मोजून डाळ. प्रमाण आहारतज्ज्ञांकडून ठरवून घ्या. सुक्या मासळीत मीठ फार, ती नको. जिममधल्या पावडरीचे डबे विचारल्याशिवाय उघडू नका. आणि अंग दुखलं म्हणून कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून पेनकिलर आणू नका. थोडी लघवी होत असेल, तर ती उरलेली किडनी म्हणजे तुमची खरी संपत्ती आहे, आणि या गोळ्या नेमका तिच्यावर घाव घालतात.

सहावं काम: मशीनवर असताना

चार तास नुसतं छताकडे बघत घालवायचे नसतील, तर पहिले दोन तास आपले. त्या वेळात पाणी फार निघालेलं नसतं आणि बीपी सहसा स्थिर असतं. उशिरा व्यायाम केला तर बीपी पडतं, पायात गोळे येतात.

टेक्निशियनना आणि सिस्टरना आधी सांगा. सुया नीट चिकटवलेल्या आहेत ना, बीपी किती आहे, हे त्यांनी बघू दे. फिस्टुलाचा हात पूर्ण स्थिर. युनिटमध्ये पेडल असेल तर पाच मिनिटं सावकाश, दहा-पंधरा मिनिटं जरा जोराने, शेवटी तीन-चार मिनिटं परत सावकाश. एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे जाताना पेडल पुसलं गेलंच पाहिजे. पेडल नसेल तर झोपल्या झोपल्या घोटे वर-खाली, गुडघा वाकवून सरळ, मांडी आवळून धरणं, मोकळ्या हाताने चेंडू. जांघेत कॅथेटर असेल तर पायांचा व्यायाम मशीनवर नको.

युनिटमध्ये तीन पाळ्या चालतात, माणसं कमी असतात, कुणाला वेळ नसतो, हे मला ठाऊक आहे. तरी पहिल्या दहा मिनिटांत तुम्हीच "सिस्टर, मी पाय हलवायला सुरुवात करते" असं सांगितलं तर सहसा कुणी अडवत नाही. शेजारच्या दोन खुर्च्यांवरचेही पाय हलवायला लागतात.

पेडल थांबलं की उरलेल्या वेळात मोबाइलवर बुद्धिबळ, सुडोकू, शब्दकोडं. दोन तास उलटले की गाणी ऐका.

सातवं काम: शरीराबरोबर डोक्यालाही कामाला लावा

चालण्याची सवय लागल्यावर त्यात विचार मिसळा. चालताना शंभरातून सात-सात वजा करत जा, किंवा मैत्रिणीबरोबर शब्दांच्या भेंड्या खेळा. रस्त्यावर मात्र हे करू नका, सुरक्षित आवारातच. पायऱ्या, ठेका आणि क्रम लक्षात ठेवावा लागतो, अशी हालचाल मला सर्वात आवडते. डॉक्टरांची परवानगी असेल तर हलक्या हाताने लेझीम, घरातल्या घरात नाच, बॅडमिंटनच्या निवांत सर्व्हिस. नवीन काही शिकण्यात उदासीही थोडी मागे हटते. डायलिसिस रुग्णांच्या व्यायामावरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा २०२२ साली आला. त्यात निराशेची लक्षणं कमी झालेली दिसली, विशेषतः व्यायाम चार महिन्यांपेक्षा जास्त टिकवलेल्यांत. म्हणून पहिल्या महिन्यात फरक दिसला नाही तर सोडू नका.

व्यायामाने न सुटणाऱ्या गोष्टी

कधी कधी सगळं करूनही डोकं जडच राहतं. तेव्हा स्वतःला बोल लावण्याआधी हे तपासा.

पाणी किती वेगाने काढलं जातंय? दर किलो वजनामागे तासाला १३ मिलीपेक्षा जास्त वेग हृदयाला आणि मेंदूला सोसत नाही, असं मानलं जातं. ५५ किलोच्या माणसाला चार तासांत ही मर्यादा साधारण २.८ लिटरवर येते. दोन डायलिसिसच्या मध्ये पाण्याचं चार किलो वजन वाढवून गेलात, तर मशीनला तो वेग ओलांडावाच लागतो, आणि मग दुसरा दिवसही धुक्यात जातो. मीठ कमी केलं की तहान कमी होते. लोणचं, पापड, वडापावबरोबरची चटणी, फरसाण इथून सुरुवात करा. वजन वाढलेलंच असेल तर वेळ अर्धा तास वाढवता येईल का ते विचारा. मशीनमधल्या द्रवाचं तापमान थोडं कमी ठेवता येतं, तेही विचारा. शरीराच्या तापमानापेक्षा अर्धा अंश थंड द्रव वापरलेल्या रुग्णांच्या मेंदूतला पांढरा भाग वर्षभरानंतर चांगला टिकल्याचं २०१५ सालच्या एका अभ्यासात दिसलं होतं. थोडी थंडी वाजते, चादर न्या.

औषधं. प्रीगाबालिन आणि गॅबापेंटिन डायलिसिसवर अंगात साठतात, झोप आणि गोंधळ आणतात. मात्रा फार कमी लागते. पाठदुखीसाठी सर्रास लिहिलं जाणारं बॅक्लोफेन तर काहींना चक्क बेशुद्धीपर्यंत नेतं. कोणत्याही नव्या डॉक्टरांना पहिलं वाक्य "मी डायलिसिसवर आहे" हेच सांगा.

आणि कमरख. चांदणीच्या आकाराची ही आंबट फोड तिखट-मीठ लावून विकायला असते. किडनीच्या रुग्णांत तिच्यातलं विषारी द्रव्य मेंदूवर परिणाम करतं: न थांबणारी उचकी, गोंधळ, झटके, क्वचित मृत्यूही. एक फोडही नको.

जोरात घोरत असाल आणि दिवसा पेंगत असाल तर झोपेतल्या श्वासाची तपासणी करून घ्या. मन सतत उदास असेल तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. केईएम, सायन, नायर या पालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत ही ओपीडी आहे.

कधी थांबायचं

त्या दिवशी व्यायाम करायचा नाही: ताप असेल, विशेषतः कॅथेटर असताना थंडी वाजून, बीपी १८० च्या वर असेल किंवा १०० च्या खाली जाऊन चक्कर येत असेल, झोपल्यावर धाप लागत असेल, उलट्या-जुलाब सुरू असतील. मधुमेह असेल आणि साखर ७० च्या खाली असेल तर आधी ती वर आणा. तेही संत्र्याच्या रसाने नाही, साखरेने किंवा ग्लुकोजने.

मध्येच थांबायचं: छातीत दाब, डोळ्यांपुढे अंधारी, हृदयाचे ठोके चुकल्यासारखे, पायात गोळा. फिस्टुलातून रक्त आलं तर स्वच्छ कापडाने बोटांनी थेट दाबून धरा आणि हात वर उचला. चिळकांडी उडत असेल तर दाब न सोडताच दुसऱ्याला १०८ लावायला सांगा.

तोंड वाकडं होणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, बोलणं अचानक अडखळणं, झटका येणं, ओळखीची माणसं न ओळखणं, यातलं काही झालं तर "डायलिसिसमुळे थकला असेल" म्हणून झोपवू नका. लगेच १०८. रुग्णवाहिका आल्यावर तीन गोष्टी आधी सांगा: डायलिसिसचा रुग्ण आहे, शेवटचा डायलिसिस कोणत्या दिवशी झाला, आणि फिस्टुला कोणत्या हाताला आहे. त्या हातात सुई लावू देऊ नका आणि त्यावर बीपीचा पट्टाही बांधू देऊ नका.